नावाची वात

सकाळचं मौन सुटायला अजून दोन तास होते, आणि केतकी परचुरेचा आवाज मात्र केव्हाचा बोलत होता.

फलटणच्या त्या पत्र्याच्या लांबट खोलीत बारा बायका मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात पिंजलेला कापूस, शेजारी वाटीत दूध, त्यात बोट बुडवून वाती वळणं चाललेलं. केतकीही त्यांच्यातच बसली होती, ओठ मिटून. उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत बोलायचं नाही, हा तिचा सव्वीस वर्षांचा नेम होता. भिंतीवरच्या पडद्याच्या काचेतून मात्र तिचाच मऊ, थोडा थकलेला आवाज कोणा अनोळखी बाईला सांगत होता, "हो हो, मिळतील ना. फुलवाती हव्यात की लांब वाती? आणि तब्येतीला जपा बरं."

आता याचं कोणालाच काही वाटत नसे. त्या काळात दुकान म्हणजे रस्त्यावरचं दार उरलं नव्हतं. 'अंगण' नावाच्या जाळ्यावर प्रत्येक धंद्याचं एक अंगण असायचं. गिऱ्हाईक तिथे यायचं, बोलायचं, आणि नऊ सेकंदांत उत्तर आलं नाही तर शेजारच्या अंगणात निघून जायचं. असं चार-सहा वेळा झालं की जाळंच तुमचं अंगण कोपऱ्यात ढकलायचं. मग तिकडे कोणी फिरकत नसे. मोठ्या कंपन्यांना याचं काय! पण वाती वळणाऱ्या बायकांनी हात दुधात बुडवायचे की बोलत बसायचं?

म्हणून वाक्छाया आली. माणसाची जशी सावली पडते, तशी बोलण्याची पाडलेली सावली. गळ्यात जोंधळ्याएवढा कानमणी घालून चाळीस दिवस वावरायचं. तो तुमचं सगळं बोलणं ऐकतो, कोणाला काय म्हणता, कुठे थांबता, कुठे हसता ते टिपतो. मग तुमच्यासारखंच बोलणारी छाया तयार होते आणि रात्रंदिवस तुमच्या अंगणात बसते.

"सव्वा महिना म्हणा की," गटाचा सगळा व्यवहार बघणारी तेजस्विनी तेव्हा म्हणाली होती. "बाळंतिणीचा असतो तसा. ताई, तुम्हाला या वयात जुळं होणार!"

सगळ्या खो खो हसल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली. 'स्नेहवात' गटाच्या वाती आता पार परदेशात जात. बाराजणींच्या घरी चुली त्यावर पेटत होत्या. आणि केतकी मनातून दमत चालली होती. का, ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं.

ते त्या श्रावणातल्या सोमवारी कळलं. दुपारी मौन सुटल्यावर दारात एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. बारामतीहून मुद्दाम आलेली.

"ताई, माझ्या लेकाचं ऑपरेशन नीट झालं. तुम्ही त्याच्या नावाची वात लावलीत ना, एकवीस दिवस. उपकार फेडायचे कसे?"

केतकीनं पेढा हातात घेतला, पण तोंडात घालवेना. कोणाचा लेक? कुठली वात? ती बाई गेल्यावर तिनं तेजस्विनीला छायेचं जुनं बोलणं काढायला लावलं.

'नावाची वात' एवढ्या खुणेवर ते शोधलं, तर काच भरून वाहायला लागली. "काळजी करू नका, तुमच्या नावाची वात लावते हो मी." कोल्हापूर, सुरत, नैरोबी. गुडघेदुखी, परीक्षा, हरवलेली मांजर.

"किती?" केतकीनं विचारलं.

"अकरा हजार चारशे." तेजस्विनीचा आवाज बारीक झाला. "पण ताई, बोलायची पद्धत असते ती. लोकांना बरं वाटतं."

"मी कधी पद्धत म्हणून बोलले नाही गं."

आणि ते खरं होतं. पहिल्या वर्षी, छाया नव्हती तेव्हा, गिऱ्हाइकं तिच्याशी बोलत. नव्या उंच इमारतींतून ज्योत लावायची सोय राहिली नव्हती. जरा धूर दिसला की छतातून पाणी कोसळायचं. वाती घ्यायच्या, देवापुढच्या समईत नुसत्या घालून ठेवायच्या. कोणी हळहळलं की केतकी म्हणायची, "तुमच्या नावाची मी लावते हो." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून, नाव मनात घेऊन, ती लावायची. रोज सात-आठ असत. एकही चुकली नव्हती. दिलेला शब्द आणि लावलेली ज्योत अर्ध्यावर सोडू नये, असं तिची आई सांगायची.

छायेचं शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टर अर्णवी सपकाळ पुण्यात बसत. वय पस्तिशीच्या आत, समोर थंड झालेला चहा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. केतकीनं सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे केतकीला बरं वाटलं.

"ते वाक्य काढून टाका," केतकी म्हणाली.

"काढलं असतं, काकू. पण तिनं वाक्य पाठ केलेलं नाही. पोपट आणि छायेत हाच फरक. समोरचा माणूस दुःखात दिसला की तुम्ही काय करता, ते ती शिकली आहे. हे वाक्य बंद केलं तर 'देवापाशी तुमची आठवण काढते' म्हणेल. तेही बंद केलं तर तिसरं काहीतरी. तुम्ही शब्द देणाऱ्या बाई आहात. ती तशीच झाली."

"मग शब्द पाळायला का नाही शिकली?"

अर्णवीनं चहाचा कप उगाचच सरकवला. "तुम्ही वात कधी लावता?"

"पहाटे. मौनात."

"मणी फक्त ऐकतो, काकू. चाळीस दिवस त्यानं तुम्हाला शब्द देताना ऐकलं. पाळताना तुम्ही गप्प होता."

केतकी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सव्वीस वर्षं जे पुण्य म्हणून सांभाळलं, तेच नेमकं निसटलं होतं. दुसरी एखादी बडबडी बाई असती, वात लावताना मोठ्यानं नाव घेणारी, तर तिची छाया निदान अडखळली तरी असती.

"एक सांगू?" अर्णवी मऊपणे म्हणाल्या. "इतकं मनाला लावून घेऊ नका. हल्ली गिऱ्हाइकांच्याही छाया असतात. घरातलं सामान संपत आलं की तीच मागवते, दोन शब्द बोलते. तुमची छाया तिच्या छायेला शब्द देते. अकरा हजारांत खरी माणसं चाळीस-पन्नास निघाली तरी खूप."

"ती कोणती?"

"ते नाही कळत. आवाज सारखेच ना."

"हे बघा," केतकीनं आपल्याजवळची यादी पुढे केली. "हे नाव दोनशे बारा वेळा आलंय. शैलजा निंबाळकर, इथेच औंधला राहतात."

"मग ही नक्की छाया. रोजच्या रोज इतकं नेमानं माणूस मागत नाही."

उपाय एकच होता. मणी पुन्हा घालायचा आणि चाळीस दिवस नवी छाया पाडायची. मात्र त्या चाळीस दिवसांत कोणालाही कसलाही शब्द द्यायचा नाही. देते, करते, बघते, काही नाही. एकदा जरी तोंडातून गेलं, तरी छाया नेमकं तेच उचलेल. कारण हातचं राखून बोलणाऱ्या माणसाचं एकच मोकळं वाक्य मण्याला सगळ्यात खरं वाटतं. तोवर जुनी छाया बोलतच राहणार होती. तिला गप्प केलं असतं तर बाराजणींचं अंगण सव्वा महिन्यात उजाड झालं असतं.

केतकीनं आयुष्यात सोळा सोमवार केले होते, चातुर्मासात एकवेळ जेवून राहिली होती. पण हे व्रत तिला जड गेलं. शेजारीण म्हणाली, "उद्या जरा माझ्या सुनेकडे बघशील?" तर केतकी म्हणाली, "सांगता येत नाही." शेजारणीनं चार दिवस तोंड फिरवलं. नातीनं फोनवर विचारलं, "आजी, दिवाळीला लाडू करशील ना?" आणि केतकी "बघू" एवढंच बोलून फोन ठेवून रडली. कोणाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचीही चोरी, कारण तोही शब्दच. ती नुसती मान हलवून निघायची. बायका कुजबुजायला लागल्या, ताईंना काहीतरी झालंय.

"ताई, तुमच्यापेक्षा ती काचेतली बरी," तेजस्विनी एकदा वैतागून म्हणाली. "निदान माणसासारखं बोलते तरी!"

आणि पहाटे, मौनात, ती जमतील तेवढ्या वाती लावत होती. शंभर, सव्वाशे. हात भरून यायचे, डोळ्यांत धूर जायचा. यादीच्या शेवटापर्यंत पोचायला महिने लागले असते आणि छाया रोज यादीला आणखी पंधरा-वीस नावं जोडतच होती.

अडतिसाव्या दिवशी मणी तपासायला ती पुण्याला गेली. अर्णवीनं तो काचेखाली धरला आणि त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "काकू, कमाल केलीत. एकही शब्द नाही. आणखी दोन दिवस."

बाहेर पडल्यावर केतकीला सरळ बसस्थानक गाठता आलं असतं. पण पिशवीत ती यादी होती आणि ते दोनशे बारा वेळा आलेलं नाव. एकदा डोळ्यांनी पाहिलं, घर बंद आहे, नुसती छायाच बोलते आहे, असं कळलं की निदान तेवढ्या ओझ्यातून सुटका होईल. ती औंधच्या रिक्षात बसली.

अकराव्या मजल्यावरचं दार उघडलं. ऐंशीच्या घरातली, वाळक्या अंगाची बाई. हात सतत थरथरत होते.

"शैलजाबाई? मी केतकी परचुरे. फलटणहून. वातींची."

बाई म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही खऱ्या आहात?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा-सून दूरदेशी. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात स्वच्छ घासलेली समई होती, तिच्यात पाच कोऱ्या वाती. खाली कपाटात 'स्नेहवात'चे डबे एकावर एक रचलेले, न फोडलेले.

"मागवते माझी छाया," शैलजाबाई ओशाळून म्हणाल्या. "मला बोलायला सुधरत नाही हल्ली. तिला सांगून ठेवलंय, रोज त्या फलटणच्या ताईंना म्हणावं, माझ्या यजमानांच्या नावाची एक लावा. ज्योत त्यांच्या फार आवडीची होती. इथे लावली तर वरून पाऊस!" त्या हसल्या. "मग तिन्हीसांजेला ती मला सांगते, ताईंनी लावली म्हणून. ते ऐकल्यावर मी दोन घास खाते."

केतकीनं त्या न फोडलेल्या डब्यांवर हात ठेवला. म्हणजे छायेमागे माणूस होतं. तिच्या छायेपलीकडे, शैलजाबाईंच्या छायेच्याही मागे, रोज तिन्हीसांजेची वाट बघत.

"लावली होतीत ना हो?" शैलजाबाईंनी विचारलं.

खोटं बोलणं तिला येत नव्हतं.

"नाही, शैलजाबाई. यादी बघेपर्यंत मला तुमचं नावही ठाऊक नव्हतं. माझी छाया बोलत होती. यादीत तुमच्यापर्यंत मी अजून पोचलेच नाही."

शैलजाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, देव्हाऱ्याशी गेल्या, आणि समईतली एक कलती झालेली वात थरथरत्या बोटानं सरळ करायला लागल्या. बोट हलायचं, वात पुन्हा कलायची. त्या पुन्हा सरळ करायच्या.

"खरंय," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "परक्या माणसासाठी रोज कोण लावणार!"

त्यांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर केतकी कदाचित 'बघू' म्हणाली असती. अडतीस दिवस तेच तर म्हणत आली होती. फक्त दोन दिवस उरले होते. गळ्यातला मणी थंडगार लागत होता.

"लावते हो मी," केतकी म्हणाली. "आजपासून. रोज. त्यांचं नाव सांगा."

मण्यात हिरवा ठिपका उजळला आणि विझला. त्यानं ऐकलं होतं.

शैलजाबाई वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधायला केतकीनं पाहिलं. तिथे नुसतं एक समजूतदार हसू होतं, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं.

"तीही अगदी असंच म्हणायची," त्या म्हणाल्या. "हाच आवाज. 'लावते हो मी.'"

नाव मात्र त्यांनी सांगितलं. यशवंतराव.

"येते," निघताना केतकी म्हणाली. आता ते जपायचं कारण उरलं नव्हतं.

फलटणला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत बायका नव्हत्या. काचेतून तिचा आवाज कोणाला तरी धीर देत होता. केतकीनं हातपाय धुतले, यादी बाजूला ठेवली, एक वात तेलात भिजवली. ही मौनाची वेळ नव्हती. पहिल्यांदाच ती ज्योत लावताना मोठ्यानं बोलली, "यशवंतराव निंबाळकरांच्या नावाची." मणी तेही ऐकत असेल, नवी छाया दोन दिवसांनी तेही म्हणायला लागेल, वात न लावता, हे तिच्या ध्यानात आलं. पण तोवर शब्द जाऊन चुकला होता.

याच वेळी पुण्यात अकराव्या मजल्यावर कोणी तरी शैलजाबाईंना सांगत असणार, "ताईंनी आज वात लावली." आज ते खरं होतं. कालच्यासारख्याच आवाजात, कालच्याइतक्याच गोडीनं सांगितलेलं. त्या दोन घास खातील, कालही खाल्लेच होते.

ज्योत स्थिर झाली. केतकीनं दुसऱ्या नावासाठी कापूस हातात घेतला.