चाल दादासोची

सांगतो, पण मधी कुणी बोलू नगा. तासगावचा दादासो आमच्या बुद्धिबळ क्लबातला. मिलिटरीतनं रिटायर झालेला गडी, थापा मारणारा न्हवं. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो.

मिरजेच्या स्पर्धेत त्याचा शेवटचा डाव रहिमतपूरच्या नाथाजीबरोबर पडला. नाथाजी जिंकत आलावता. पण त्याला दरदरून घाम, हात छातीवर. दादासोनं ते बघितलं, आन् नेमकी तवाच बरोबरी मागितली. नाथाजीनं कशीबशी मान हलवली. बक्षिसाची ढाल दोघांत एक. पहिलं सहा म्हैने दादासोकडं.

त्या दिवसापासनं दादासोला झोप न्हाई. शेवटी वीस जानेवारी दोन हजार चोवीस, शनिवारी सांजच्याला, ढाल पिशवीत घालून त्यानं मोटरसायकलीला किक मारली. मनात म्हटलं, ढाल त्याची त्याला देतो आन् कबूल करून येतो.

विट्यात गाडी पंक्चर झाली. रहिमतपुरात पोचला तवा पावणेअकरा.

घरात अंधार. पण रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात, दारापुढच्या कट्ट्यावर नाथाजी बसलेला. पुढ्यात पट मांडलेला.

"ह्या थंडीत भाईर का रं?"

नाथाजीनं नुसती समोरची जागा दाखवली.

दादासो समोर बसला. पटावर तोच डाव. जिथं सोडलावता, तिथनंच.

"गड्या, हरलोवतो मी. तुझी तब्येत बघून साधून घेतलं. चुकलं माझं..."

नाथाजीनं बोटानं पट दाखवला. चाल तुझी.

दादासोनं राजा धरला. गारढोण. हात उचलंना.

"नाथाजी, सोड की रं आता..."

नाथाजीची पापणी हलंना.

एवढ्यात उजेड पडला. ॲम्ब्युलन्स. दादासोनं वळून बघितलं. परत फिरला, तर...

कट्टा मोकळा. पट न्हाई. नाथाजी न्हाई.

गाडीतनं नाथाजीची बायको उतरली, राजेश्वरी. रडून डोळं सुजलेलं.

"भावजी, तुमाला कुणी कळवलं? आज सांजला सात वाजता गेलं हे... मिरजेच्या दवाखान्यात. चार दिस घराला कुलूपच हाय."



तिनं कुलूप काढलं. बटण दाबलं.

आतल्या टेबलावर नाथाजीचं डावाचं घड्याळ, दोन तबकड्यांचं; ज्याची चाल, त्याच्याकडचीच तबकडी चालती. चावी दिली तर दिवसभर चालतं, जास्त न्हाई.

नाथाजीच्या खुर्चीकडची तबकडी बंद.

समोरची... चालू व्हती.