मूठ कुणाची

ही घटना खरी आहे. चारचौघांत बोलतानाही मला घाम फुटतो. खोटं रचण्याची माझी छाती नाही.

रविवारची संध्याकाळ होती. नर्सिंग शिकणारी भाची परीक्षेच्या तयारीला माझ्या खोलीवर आली होती.

विषय मूत्रपिंडाची तपासणी. पाठीवर, शेवटच्या बरगडीखाली एक तळवा सपाट ठेवायचा. त्यावर दुसऱ्या हाताची मूठ हलकेच आपटायची. आत दुखणं असेल तर माणूस कळवळतो.

"मामा, ताठ बस ना. काय ही पाठ! नुसता पुस्तकाचा कणा."

"जपून गं. बांधणी जुनी आहे."

ती हसली. मग तिने हातातलं पुस्तक मिटलं.

"परवा वॉर्डात माझी चूक झाली, मामा."

एका माणसाला लाथाबुक्क्यांनी तुडवून आणलं होतं. लघवी कोऱ्या चहासारखी... ठेचलेल्या स्नायूंमुळे होते तशी. मग लघवीच्या पिशवीत थेंबही पडेना. मूत्रपिंडं बंद पडत होती. मार लागलेल्या पाठीवर ही मूठ मारायची नसते. हिने घाईघाईत मारली.

"ओरडले नाहीत रे ते काका. नुसतं म्हणाले, 'ताई, तू पण?' संध्याकाळी गेले."

"एका मुठीने कुणी मरत नाही," मी म्हणालो. मला खरं तर काहीच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात माझ्या पाठीवर तळवा टेकला. गार.

धप्!

"जरा हळू गं..."

"मी कुठे मारलं?"

आवाज समोरून आला.

ती माझ्यासमोर उभी होती. पुस्तक दोन्ही हातांत.

पाठीवरचा तळवा निघाला...

धप्! या वेळी ती वाकली.

धप्! ती तोंडावर आपटली. ओठ फाटला, फरशीवर रक्त उडालं. तिला झाकायला मी तिच्यावर पालथा पडलो. तरी माझ्याखाली तिचं अंग हादरतच होतं. आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

"सॉरी काका! सॉरी!" ती किंचाळत होती.

मग सगळं थांबलं.

दवाखान्यात तिची लघवी तशीच उतरली. काळसर. मग तीही बंद. मी आणि माझी बहीण लघवीच्या नळीकडे डोळे लावून बसलो. पोरगी वाचणार की नाही, ते त्या नळीवर होतं.

शेवटी एक थेंब सरकला. मग दुसरा. बहीण तोंडात पदर कोंबून रडली.

डॉक्टर म्हणाले, "पाठीवर मुठींचे वळ आहेत. खोलीत कोण होतं?"

भाचीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

"दादा," बहीण खाली बघत म्हणाली, "तू जरा बाहेर बस."

मी बाहेर बसलो आहे.

मी तिला मारलं नाही. आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही.

उजव्या हाताची बोटं मात्र सुजली आहेत. तिला सावरताना लागलं असेल...

तेव्हाच लागलं असेल ना?