मौनाची अकरा मिनिटं

व्याख्यान असो, चर्चासत्र असो की मैफल, विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात आधी दिवा लागायचा. त्या आठवड्यात विद्यापीठातलं कुणी वारलं असेल, तर दोन मिनिटांचं मौन व्हायचं. निवृत्त मंडळी एवढी होती, की मौन बहुतेक असायचंच. ध्वनिमुद्रण जितेंद्रकडे होतं. कार्यक्रम संपला की मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसून तो फाइल साफ करायचा आणि इंटरनेटवर चढवायचा. पहिलं काम म्हणजे मौन कापणं. ‘श्रद्धांजली अर्पण करूया’पासून ‘धन्यवाद, बसून घ्या’पर्यंत सरळ कात्री. चौदा वर्षांत त्यानं एकही मौन ऐकलं नव्हतं. शांतता काय ऐकायची, कप्पाळ!

नोव्हेंबरात भूजलावरचं व्याख्यान झालं, तेव्हा कापलेला तुकडा त्याला भलताच लांब दिसला. मोजला, तर अकरा मिनिटं.

यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं सगळं तपासलं. व्याख्यान घड्याळाबरहुकूम होतं. फुगलं होतं ते फक्त मौन. दुसऱ्या दिवशी त्यानं शोभाताईंना गाठलं. सूत्रसंचालन त्यांचंच असायचं.

“दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मी घड्याळ पाहूनच धन्यवाद म्हणते. काहून गा?”

“काही नाही, ताई. सहजच.”

घरी येऊन त्यानं हेडफोन लावले. मिनिटभर नुसते पंखे होते, एक खोकला होता. मग पावलं वाजायला लागली. शेदीडशे माणसांची, सावकाश, कुठलीही घाई नसलेली पावलं. ती डावीकडे गेली. डावीकडे दार नाही. नुसती भिंत आहे आणि भिंतीवर माजी कुलगुरूंचे फोटो आहेत. पावलं त्या भिंतीपाशी थांबली नाहीत. हळूहळू बारीक होत गेली आणि मग बराच वेळ पंख्यांशिवाय काही नव्हतं.

मग खूप लांबून एक आवाज आला. बाईचा की पुरुषाचा, कळत नव्हतं. खिडकीवर बसलेला कारकून विचारतो तशा सौजन्यानं त्यानं विचारलं, “या वेळी कोण राहतं?”

“अनंत सर राहतील,” कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

“मी? अरे, मी काहून?” हा आवाज भूगोलवाल्या अनंत सरांचाच होता. “थांबा ना रे!”

पावलं परत आली. धन्यवाद, बसून घ्या.

अनंत सर म्हणजे सभागृहाची डोकेदुखी. प्रश्न विचारायला उठले की वीस मिनिटं खाली बसायचे नाहीत. पण त्या व्याख्यानात ते उठलेच नव्हते, हे जितेंद्रला आता आठवलं. तो मुद्दाम भूगोल विभागात गेला. सर टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते.

“बरं आहे ना, सर?”

“बरं आहे,” सर म्हणाले आणि हसले. जितेंद्र दारातून बाहेर पडेपर्यंत ते तसेच हसत होते.

“सर सुधरले, बाप्पा,” बाहेर शिपाई म्हणाला. विभागात सगळे खूश होते.

जुनी मौनं ताडून पाहावीत, तर ती त्यानं कधीच फेकून दिली होती. सांगायचं तरी कुणाला? बायकोला, मयुराला, सांगता आलं असतं, पण त्याच शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिची मैफल होती, त्याच सभागृहात. पाच वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर गेले. तेव्हापासून ती संगीत विभागात नुसती शिकवत होती. मोठ्या मुश्किलीनं ती पुन्हा गायला तयार झाली होती. रोज पहाटे रियाजाला बसायची. वरच्या ‘सा’पाशी आवाज फाटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. बाजूच्या खोलीत जितेंद्र जागा असायचा.

शनिवारी सकाळी शोभाताईंचा फोन आला. “ग्रंथालयातल्या यमुताई गेल्या गा. मौन तर ठेवाच लागते.”

“ताई, आजच्या दिवस राहू द्या ना.”

“असं कसं? तीस वर्षं नोकरी केली त्यांनी!”

मग त्यानं मयुराला गळ घातली, की मौन होईपर्यंत बाहेर थांब.

“मंचावर बसलेली बाई मौनाले उठून जाईन?” ती म्हणाली. “लोक काय म्हणतील? तुले झालं तरी काय?”

त्यानं मनाशी एक ठरवलं. त्या भिंतीपलीकडे कुणीतरी कुणाचं तरी नाव घेतं, तेव्हाच तो माणूस तिथे राहतो. तिचं नाव कुणाला घेऊ द्यायचं नाही. मौनाची घोषणा झाली तसा तो यंत्र चालू ठेवून मंचावर चढला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. तिचा हात घट्ट धरला. डोळे उघडे ठेवले. तिचा हात घामानं ओला होता. त्या दोन मिनिटांत त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की आज हिचा आवाज लागू दे, बाकी काही नको.

धन्यवाद, बसून घ्या.

काही झालं नाही. लोक जागच्या जागी होते. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि आता कोरडा होता.

मयुरा गायली, आणि काय गायली! वरचा सा असा लागला, की पहिल्या रांगेतली म्हातारी मंडळी रडली. जितेंद्र तर यंत्रामागे तोंड लपवून रडला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

रविवारी दुपारी त्यानं फाइल उघडली.

मौन अकरा मिनिटांचं होतं.

पंखे. पावलं. डावीकडे, लांब. मग पंखेच.

“या वेळी कोण राहतं?”

कुणीही कुणाचं नाव घेतलं नाही.

मग मयुराचा आवाज आला, घोगरा, पाच वर्षांच्या सवयीचा. “जितेंद्र, हात नको सोडू.”

आणि त्यावर दुसरा आवाज. शांत, स्पष्ट. चौदा वर्षं माइक तपासताना जितेंद्रनं तो दर वेळी ऐकला होता. त्याचा स्वतःचाच.

“ही राहते,” तो म्हणाला. “आवाज तेवढा द्या.”

पावलं परत आली.

जितेंद्रनं हेडफोन काढून ठेवले. स्वयंपाकघरात मयुरा चहा करता करता वरचा सा लावून उभी होती. सूर स्वच्छ होता, जरासुद्धा हलत नव्हता. त्यानं उठायचं ठरवलं आणि तो बसूनच राहिला. चहा उकळला, गॅस बंद झाला, कप मांडले गेले, कपांत चहा ओतला गेला. सूर तोच होता. मध्ये कुठेही तिनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला नाही.