नॉब कुणी फिरवला?

"हात काढा त्याच्यावरून!"

रेणू दचकून मागे सरकली. दारात खांद्याला पिशवी अडकवलेला एक उंच तरुण उभा होता. खरं तर तिने त्या नॉबला हात लावलाच नव्हता, ती नुसती वाकून हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत होती.

"बघायची पण परमिशन लागते का?"

"बघायला परमिशन नक्को," तो हसला. "पण बघणारेच फिरवतात, हो."

बाजार खुला झाल्यापासून परदेशी यंत्रं गल्लीबोळांत येऊन पोचली होती. काचीगुड्याच्या या छोट्या कारखान्यात औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या बंद करणारं यंत्र आलं, ते त्यातलंच. ते हवेच्या दाबावर चालायचं, आणि दाब किती ठेवायचा ते भिंतीवरचा रेग्युलेटर ठरवायचा. नॉब वर ओढून फिरवायचा, काटा चारवर आला की खाली दाबायचा, मग तो हलत नाही. साधं काम! पण काटा आपोआप खाली यायचा, पट्ट्या उघड्या राहायच्या आणि सुपरवायझर म्हणून रेणूला बोलणी खावी लागायची. म्हणून यंत्र विकणाऱ्या एजन्सीने या तरुणाला, प्रज्ञेशला, पाठवलं होतं.

त्याने रेग्युलेटरच बदलला. आठवडा गेला नाही तोच काटा पुन्हा पडला.

"हौ बेटी, पडणारच," झाडू मारता मारता गंगूमावशी म्हणाल्या. "इथले जुने फिटर भगवंतराव याच भिंतीपाशी बसल्या बसल्या गेले. हवेच्या कामाला दुसऱ्याचा हात नक्को म्हणायचे."

रेणू हसली. तिला वेगळाच संशय होता. हे महाशय मुद्दाम काहीतरी सैल ठेवून जातात, पुन्हा यायला मिळावं म्हणून! नाहीतर ती मोगरा माळून आली त्याच दिवशी काटा कसा पडायचा? ती मोगरा माळणार हे त्याला आधी कसं कळायचं, हा प्रश्न तिला पडला नाही. प्रेमात पडलेल्या मुलींना असले प्रश्न पडत नाहीत.

प्रज्ञेश यायचा, उस्मानिया बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवायचा आणि उगाचच खूप वेळ नॉब तपासायचा.

"कुणीतरी आत्ताच हात काढलाय यावरून," एकदा तो म्हणाला. "कोमट लागतोय. तुमचे हात फार गरम असतात का?"

काय बहाणा! रेणूने धीर करून हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला... आणि त्याचं हसू मावळलं.

"थंडगार आहे," तो पुटपुटला.



मग एक दिवस तो पुडा न आणताच आला. जेवणाची सुट्टी होती, सगळी माणसं बाहेर गेली होती.

"पुण्याला बदली झाली. सोमवारी जायचंय." तो थांबला. "एक विचारू? रागावू नकोस." पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणत होता. "नॉब तूच फिरवायचीस ना... मला बोलवायला?"

"मी? मी कधी हात पण नाही लावला! मला वाटलं, तुम्हीच—"

"आईशप्पथ, नाही."

टक्.

नॉब वर आला. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. तो सावकाश, सवयीच्या हाताने फिरवावा तसा फिरू लागला. फुस्स करून हवा सुटली आणि काटा खाली सरकत गेला.

प्रज्ञेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो बोलला ते भलतंच.

"म्हणजे तुझ्या मनात काहीच नव्हतं. मीच आपला..."

त्या नॉबपेक्षा या वाक्याचीच रेणूला जास्त भीती वाटली. आता गप्प राहिलं तर हा असाच निघून जाईल, कायमचा.

"ऐका ना... मी फिरवला नाही, हौ. हिंमत नव्हती. पण रोज सकाळी नल्लकुंट्याच्या स्टॉपवर मनातल्या मनात म्हणायचे, आज काटा पडू दे. आज तो येऊ दे."



"मी पण," तो हळूच म्हणाला. "स्कूटरला किक मारताना. रोज."

दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. भीतीने की प्रेमाने, कुणास ठाऊक.

"पुण्याला जा," ती म्हणाली, "पण त्याआधी घरी या. बाबांशी बोला."

"तुझे बाबा आमचं घर ओळखतात, रेणू. जात ओळखतात. तेवढ्यावरच नाही म्हणतील. मग कुणाच्या पाया पडायचं आपण? आपल्या डोक्यावर हात ठेवायला कोण येणार?"

"कुणी नाही आलं तरी चालेल. मी हो म्हणतेय."

आणि तेव्हाच, मोगऱ्याचा गजरा जराही न विसकटता, तिच्या डोक्यावर कुणीतरी अलगद, कोमट हात ठेवला.

प्रज्ञेशचे दोन्ही हात तर तिच्या हातांत होते.