बहिणीला दिलेले स्पीकर

ही घटना खरी आहे. माझ्यासोबत घडली आहे.

पटत नसेल तर खाली हसण्याचे इमोजी टाका आणि निघा. मीसुद्धा या पेजवर येऊन तेच करायचो.

तारीख १४ मे २०२५, बुधवार. गाव प्रकाशा, तालुका शहादा. आणि रात्र नव्हती. भर दुपारचे सव्वादोन वाजले होते. भुताला अंधारच लागतो असं समजणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

माझं नाव दिनेश. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दिवसभर कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसून लोकांच्या वराती कापतो आणि जोडतो. लोकांना आवाजातलं काही कळत नाही, हे माझं जुनं मत आहे. निळे दिवे लुकलुकणारे प्लास्टिकचे डबे घेतात आणि खोक्यावर किती वॅट लिहिलंय ते शेजाऱ्याला वाचून दाखवतात.

या बाबतीत सगळ्यात मोठा गाढव म्हणजे माझा मेव्हणा गोकुळ. खापरला त्याचा डीजे आहे. पिकअपवर माणसाच्या उंचीचे खोके रचतो आणि त्यातून जे बाहेर पडतं त्याला गाणं म्हणतो. माझी धाकटी बहीण रंजिता घरात कुणाला न विचारता या माणसाबरोबर गेली. तिला भाऊ एकच, मी. तीन वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. दरवर्षी तिची राखी पोस्टानं यायची. मी पाकीट फोडायचो नाही.

तर मला टेबलासाठी स्पीकर हवे होते. स्वस्तात, पण चांगले. मी पॅसिव्ह घ्यायचे ठरवले. म्हणजे ज्यांच्यात स्वतःची वीज नसते, वेगळा ॲम्प्लिफायर जोडल्याशिवाय ते मुकेच राहतात. तेवढ्याच पैशात आवाज चांगला मिळतो. महिनाभर डोकं लावलं. वूफर चार इंची, कारण टेबल लहान. हवेचं भोक पुढून, कारण मागे लगेच भिंत.

शेवटी अक्कलकुव्यात जुन्या सामानाच्या दुकानात जोडी सापडली. दुकानदार रायसिंग. त्याला आपण काय विकतोय हेच माहीत नव्हतं. कुठून आले विचारलं, तर म्हणे, एका बंद घरातून. मी मनातल्या मनात हसलो आणि उचलून आणले.

ॲम्प्लिफायर मागवला होता, तो यायचा होता. तोवर मी स्पीकर टेबलावर मांडले. मधोमध माझी खुर्ची. वायरी लावल्या, पण त्यांची दुसरी टोकं उघडीच लोंबत होती.

त्या दुपारी लाईट गेलेली. बायको सीमा मुलांना घेऊन माहेरी. आई, म्हणजे सिंधुबाई, पुढच्या खोलीत झोपलेली. पंखा बंद, गल्ली बंद.

आणि मग...

कुणीतरी रडत होतं.

लांबून. गल्लीच्या तोंडाशी असावं तसं.

आमच्याकडे कुणी वारलं की बाया दारावर बसायला येतात. गल्लीच्या तोंडाशी पदर डोक्यावर ओढतात आणि तिथूनच हेल काढून रडत येतात. प्रत्येक बाई आपलं नातं सांगत रडते. त्यामुळे घरात बसल्या बसल्या कळतं की कोण आलं आणि गेलेला तिचा कोण.

मी बाहेर जाऊन पाहिलं.

गल्लीत कुणीच नव्हतं. ट्रॉलीखाली एक कुत्रं झोपलेलं. रडणंही बंद.

आत आलो. खुर्चीत बसलो.

आणि रडणं आता... अंगणात आलं होतं.

मी डाव्या स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं...

तो हलत होता.

वायरीची उघडी टोकं दुसऱ्या हातात धरली. त्यांना काहीही जोडलेलं नव्हतं. लाईट नव्हती. मला खरंच भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते.

आणि आवाज कसा होता सांगू? अप्रतिम. इतका स्वच्छ आवाज मी आजवर ऐकलेला नाही. डावीकडे बाया. उजवीकडे तिरडीसाठी बांबू तोडल्याचा आवाज, पुरुषांची कुजबुज. त्यामागे शेजारच्या नथ्थूकाकांचा खोकला. प्रत्येक माणूस आपापल्या जागी.

फक्त मधली जागा... रिकामी.

मी स्वतःला शोधत होतो. गल्लीत कुणाचीही मयत असो, सगळ्यांना कामाला लावणारा मीच असतो. इतरांना कामाची अक्कल नाही. पण माझा आवाज कुठेच नव्हता.

मग एक बाई अगदी जवळ आली. माझ्या तोंडासमोर.

"मन्हा भाऊ रे... माले एकली टाकीसन कोठे गया रे..."

तो आवाज रंजिताचा होता.

तिला भाऊ एकच आहे.

मी वायरी उपटल्या. त्यानंतर आवाज आला नाही. आई उठून आली आणि चहा ठेवू का विचारू लागली. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथे भुताचा काही संबंध नाही. हे मी केलं.

मी विचार केला, ज्या घरात हे डबे, त्या घरात हे रडणं. तापी पाच मिनिटांवर होती, तिथे फेकता आले असते. पण फेकलेली बला परत येते, हातानं दिली तरच टळते, असं माझ्या डोक्यात बसलं. मग द्यायची कुणाला? माझ्या डोळ्यांसमोर गोकुळचं तोंड आलं. म्हटलं, आवाजाची फार हौस आहे ना, घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खापरकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडे पार्सल दिलं. वर नाव लिहिलं रंजिताचं. गोकुळच्या नावानं वस्तू पाठवायला माझा हात होईना. तेव्हाही माझा माज गेला नव्हता.

संध्याकाळी तिचा फोन आला. तीन वर्षांनी. ती रडत होती, आनंदानं. भावाला आमची आठवण झाली, असं म्हणत तिनं स्पीकर शेजारणींना दाखवले होते. गोकुळ लग्नाच्या ऑर्डरीवरून आला की जोडेल म्हणाली. मी हो हो म्हणालो.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज बारीक होता.

"भाऊ, तू आज आम्हना दारवर उनता का?"

मी आलो नव्हतो, तसं सांगितलं.

"त्या स्पीकरमा तुन्हा आवाज वना. वायर तं जोडेल बी नव्हती."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"‘मन्ही बहीण वं, मन्ही बहीण वं’ म्हनी ऱ्हायंता. बाईमानूसना मायक रडी ऱ्हायंता. कसाले रडी ऱ्हायंता, भाऊ?"

बाईसारखा का रडत होतास, असं ती विचारत होती. काहीतरी सांगून मी फोन ठेवला.

मग हिशेब लागला. मी ऐकलं, ती माझ्यासाठी रडतेय. तिनं ऐकलं, मी तिच्यासाठी रडतोय. दोन्ही खरं होऊ शकत नाही. आधी जाणारा एकच असणार.

आणि माझ्या मनात पहिला विचार आला की तिनं ऐकलेलं खरं ठरू दे.

त्याच संध्याकाळी मी मोटरसायकल काढून खापरला गेलो. गोकुळनं धावत येऊन पाणी दिलं. तो बरा माणूस निघाला, याचाही मला रागच आला. स्पीकर आतल्या फळीवर होते, रंजितानं त्यांना हळदकुंकू लावलेलं. मी म्हणालो, बिघडलेत, परत दे, दुसरे आणतो.

ती हसली. बहिणीला दिलेलं परत घेतात का, म्हणाली. घेतलं तर माहेर तुटतं. तीन वर्षांनी जोडलेलं ती मला तोडू देणार नव्हती. मी चिडलो, हात जोडले. ती ऐकेना.

खरं कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही. भाऊ म्हणून तुझ्या घरी काय धाडलं, हे कसं सांगणार?

मी रिकाम्या हातानं परत आलो.

आज आम्ही दोघंही जिवंत आहोत. तिच्या घरी त्यानंतर काही ऐकू आलेलं नाही, असं ती म्हणते. रोज जेवण झालं की मी तिला फोन करतो. भावाला माया फुटली, असं सगळ्या खापरला सांगत फिरते ती.

काल तिनं फोन लवकर उचलला नाही. सहा रिंग झाल्या.

त्या सहा रिंगांमध्ये मी मनात काय म्हणत होतो... ते मला विचारू नका.