अक्काचा डावा तळहात

“मी न्हाई येनार, तम्मा,” गंगम्मा म्हणाली, आणि घोंगडीवर पसरलेली जहाजाची गुळगुळीत, रंगीत चित्रं एकेक करून गोळा करत तिनं भावाच्या पुढ्यात ठेवली.

संगप्पाचा चेहरा उतरला. पाच वर्षांनी तो सोलापुरात, बाळीवेशीतल्या या दोन खोल्यांच्या घरात पाऊल टाकत होता. मोठ्या जहाजांवर बावीस वर्षं यंत्रं सांभाळून तो आता मुख्य अभियंता झाला होता, आणि कंपनीनं खूश होऊन त्याला, त्याच्या बायकोला आणि घरातल्या आणखी एका माणसाला हव्या त्या सफरीची तिकिटं देऊ केली होती. त्यानं निवडलं होतं एक प्रचंड विलायती जहाज... आत सिनेमागृह, पोहायचा तलाव, काय नाही ते! अभिमान गिळून, मागचं सगळं विसरून तो थोरल्या बहिणीला न्यायला आला होता, आणि तिनं एका वाक्यात त्याला वाटेला लावलं होतं.

“सांगितलं होतं मी तुम्हांला,” त्याची बायको गिरिजा हलकेच म्हणाली, “अक्कांना आपल्यात यायचंच नाही.”

गंगम्माला रडू आलं नाही. रडण्याचंही एक वय असतं, आणि तिचं ते वय या भावाला वाढवण्यातच निघून गेलं होतं.

आईबाप एका पावसाळ्यात पाठोपाठ गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि संगप्पा सहा. अक्कलकोटच्या घरी तिचं लग्न ठरलं होतं. सासरच्यांनी निरोप धाडला की मुलगी येऊ दे, पोराची सोय मठात बघा. गंगम्मानं आलेलं लुगडं घडी न मोडता परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून कडक भाकऱ्या थापायला बसली. त्या भाकऱ्यांवर आणि शेंगाचटणीवर संगप्पा शिकला, मुंबईला गेला, बोटीवर चढला. तिला समुद्र म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण भाऊ समुद्रावर असतो हे सांगताना तिच्या काळजात आनंदाची अशी काही भरती येई की ऐकणारा चार भाकऱ्या जास्तच घेऊन जाई.

आणि मग तो प्रवास घडला होता... मुंबईहून जपानला जायला निघालेला. ऐन आषाढात संगप्पा गिरिजाबरोबर तिलाही आपल्या मालवाहू जहाजावर घेऊन गेला होता. तिच्यासाठी त्यानं वेगळी शेगडी, वेगळी भांडी, शाकाहारी स्वयंपाकी असा सगळा थाट केला होता. कप्तानानं तिच्या मानासाठी जेवण ठेवलं. गंगम्मा त्या जेवणाला गेली, हात जोडून बसली, आणि तिनं पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही. तीन दिवस तिनं अन्नाचा कण तोंडात घातला नाही. कोलंबोला बोट लागताच ती उतरली आणि म्हणाली, मला घरी पाठव. चारचौघांत संगप्पाची मान खाली गेली. कंपनीच्या एजंटानं तिला मद्रासच्या विमानात बसवलं, आणि निघताना तिचा तम्मा तिला म्हणाला होता, “माझ्या घरचं अन्न विटाळाचं वाटतं ना तुला? मग आजपासून मला बहीण नाही.”

ते वाक्य गंगम्मानं पाच वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. उत्तर तिच्यापाशी होतं. पण ते दिलं असतं तर तिचा भाऊ काय करून बसला असता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकदा ती तापानं फणफणली तर हा पठ्ठ्या परीक्षा अर्ध्यावर सोडून गाडीत बसला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगम्माला पूजेला उशीर झाला. भावाला आवडतात म्हणून ती पहाटेपासून गहू-गुळाची हुग्गी आणि वांग्याच्या भाजीत गुंतली होती. एरवी शेजारच्या चादरीच्या कारखान्यातले यंत्रमाग सुरू व्हायच्या आत तिची पूजा आटोपलेली असे. आज ती आसनावर बसली, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, भस्म लावलं, बेलपत्र वाहिलं, आणि नजर त्यावर स्थिर केली... तोच पलीकडे माग धडधडू लागले.

घराची फरशी थरथरली. संगप्पा दारातच उभा होता. यंत्रांत जन्म घालवलेल्या माणसाला ती थरथर आधी तळपायात जाणवली. आणि त्यानं पाहिलं, अक्कानं चटकन उजव्या हातानं लिंग झाकलं, दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, आणि डोळे मिटून ती तशीच थांबून राहिली. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. वीज जाऊन माग बंद पडले तेव्हा कुठे तिनं हात उघडला आणि पूजा पुढे सुरू केली.

संगप्पा तिथंच उंबऱ्यावर बसला.

लिंग हातातून पडू द्यायचं नाही. पडलं तर माणसानं जगायचं नाही, असं लिंगायतांतली जुनी माणसं मानत. आणि पूजा झाल्याशिवाय अन्नपाणी नाही, हे तर त्याला अक्कानंच शिकवलं होतं. त्याच्या घरात आता लिंग चांदीच्या डबीत देव्हाऱ्यात असे. धर्मातली ही साधी गोष्ट तो पार विसरून गेला होता! आषाढातला तो समुद्र... भिंतीला धरल्याशिवाय खलाशांनासुद्धा उभं राहवत नव्हतं. आणि एक गोष्ट त्याला आज पाच वर्षांनी आठवली. अक्कानं घरून कडक भाकऱ्यांची पुरचुंडी आणली होती. कोलंबोला तीही जशीच्या तशी होती. त्याच्या घरचं अन्न विटाळाचं होतं म्हणावं, तर स्वतःच्या हातच्या भाकरीनं काय पाप केलं होतं?

तिची पूजा संपेपर्यंत तो हलला नाही. तीर्थ घेऊन ती उठली तेव्हा त्यानं तिचे पाय धरले.

“अक्का, तळहात ठरत नव्हता ना तुझा बोटीवर?”

गंगम्मा दचकली. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण लिंग नुकतंच गळ्यात घातलेलं. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

“पैल्याच दिवशी बोटांपर्यंत घरंगळत आलं, तम्मा,” ती म्हणाली. “धरलं कसंबसं. मंग पुन्ना हातावर घ्यायचा धीर झाला न्हाई.”

“मग बोलली का नाहीस? मी नको नको ते बोललो तुला... तरी गप्प राहिलीस?”

“बोलले असते तर तू बोट सोडली असतीस की.”

खरंच होतं ते. सोडली असती. अक्काला ज्या समुद्रावर उपास घडतो त्यावर तो एक दिवस राहिला नसता. गंगम्मानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग मात्र, इतक्या वर्षांनी, तिच्या डोळ्यांना धार लागली. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा सांगत होती की तिला कसला म्हणून राग नाही.

गिरिजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. विटाळाचा संशय पहिल्यांदा नवऱ्याच्या कानात घालणारी तीच होती.

त्या दिवशी हुग्गी खाऊन होताच संगप्पानं विलायती जहाजाची चित्रं ट्रंकेच्या तळाशी सारली. रॉटरडॅमच्या बंदरात त्यानं कितीतरी वेळा ऱ्हाईन नदीवरच्या लांबट, बुटक्या बोटी येता-जाताना पाहिल्या होत्या. त्याच्यासारखे दर्यावर्दी त्या बोटींना हसायचे. पाण्यावर चालणारी धर्मशाळा म्हणायचे. लाट नाही, वादळ नाही, दोन्ही काठ हाताशी... तिथं कसलं आलंय दर्यावर्दीपण! त्यानं मुंबईला पत्र टाकलं की आपल्याला तीच सफर पाहिजे. कंपनीतल्या मित्रांनी त्याची भरपूर थट्टा केली. गिरिजानं तरणतलावाचं आपल्या तिन्ही बहिणींना आधीच सांगून ठेवलं होतं. पण ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, सरकारी कागदांसाठी अक्कांचा फोटो काढायला त्यांना आजच घेऊन जाऊ या.

गंगम्माला राजी करायला मात्र आठ दिवस लागले. नदी म्हणजे सीनेएवढी का भीमेएवढी, असं तिनं चारदा विचारलं.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात ते ऱ्हाईनकाठच्या बाझल शहरात बोटीवर चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट नदीतून निघाली होती, काठावरच्या द्राक्षांच्या उतारांवर कोवळं ऊन पसरलं होतं. गंगम्मानं खोलीचं दार लावून घेतलं, आसनावर बसली, आणि भीतभीतच लिंग तळहातावर ठेवलं. श्वास रोखून ती वाट बघत राहिली. हात हलला नाही. सोलापुरातल्या स्वतःच्या घरात बसावं तशी ती बसली होती, आणि पूजेला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण तिला उठावंसंच वाटेना.

जेवणाच्या दालनात ती आली तेव्हा बाकीचे प्रवासी न्याहारी करून निघून गेले होते. कोपऱ्यातल्या मेजावर संगप्पा आणि गिरिजा बसून होते. समोर पाव, उकडलेले बटाटे, दही आणि खास सांगून करवून घेतलेला भात तसाच होता.

“खाल्लं न्हाई व्हय तुमी अजून? पार निवलं की सगळं.”

गिरिजा उठली.

“तीन दिवस तुम्ही उपाशी होतात, अक्का, आणि आम्ही शेजारच्या खोलीत पोटभर जेवत होतो,” ती म्हणाली. “आता सफर संपेपर्यंत तुमच्या आधी आम्ही जेवणार नाही.”

गंगम्मानं तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ती दोघांच्या मधे बसली आणि म्हणाली, “वाढ मंग.”

गिरिजानं भात वाढला, दही घातलं. गंगम्मा जेवू लागली, आणि तिला खाताना पाहूनच संगप्पानं आपल्या ताटाला हात लावला. भात संपवून तिनं बोटं चाटली, आणि ताट भावजयीपुढे सरकवलं.

“अजून हाय का गं?” तिनं विचारलं.