आधी कोण लिहिणार?

माझी प्रॅक्टिकलची जोडीदार ऐनवेळी आजारी पडून जळकोटला घरी गेली, आणि लातूरच्या आमच्या कॉलेजात लॅबच्या सरांनी मला औशाच्या सुदर्शनशेजारी बसवलं. याला झाले तीन आठवडे. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चूक सरांचीच म्हणायची!

काम तसं साधं होतं. एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम, एक त्याचा, एक माझा. मध्ये जाण्या-येण्याचे दोन पाइप. एकाने मजकूर टाकायचा, दुसऱ्याने वाचायचा. आज चार वाजता बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि साडेपाचच्या बसने सुदर्शन हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायला निघणार होता... कायमचाच म्हणा ना.

साडेतीन वाजले. स्क्रीनवरच्या दोन्ही खिडक्या गप्प. ना चूक दाखवत होत्या, ना पुढे सरकत होत्या.

"हे कामून असं बसून राहिलं?" सुदर्शन पाय हलवत म्हणाला. अस्वस्थ झाला की त्याचा पाय हलतो. मला तेसुद्धा आवडतं, कपाळ माझं!

"बिघडलं न्हाई, वाट बघून राहिलं. तुझा प्रोग्राम आधी काय करतो?"

"वाचतो. तुझा लिहील म्हणून."

"अन् माझाबी आधी वाचतोच... तुझा लिहील म्हणून."

तो हसला. "म्हंजी दोघं जल्मभर असेच बसतील?"

"हाव. कुणीतरी आधी लिहिल्याबिगर सुटका न्हाई."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग नजर चुकवली. "मग... तूच लिही की, वर्षाराणी."

"मीच कामून?"

"माझा लई भित्रा हाय."

मला रागच आला. तीन आठवडे स्वतःचा चहा गार करून माझी वाट पाहणारा हा माणूस, दोन तासांत जाणार, आणि अजून भित्रा! मी माझ्या प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी लिहिणं, मग वाचणं. पाठवायचा होता नुसता 'नमस्कार'. मी टाइप केलं, 'जायच्या आधी सांग, मी तुला आवडते का?'

त्याच्या खिडकीत ओळ उमटली. तो वाचतच राहिला. माझ्या खिडकीत नुसता कर्सर लुकलुकत होता. पळून जावंसं वाटलं, पण आता वाचल्याशिवाय उठता येत नव्हतं.

त्याने एका बोटाने काहीतरी टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. दाराशी परीक्षकांचे बूट वाजले...

'हाव. पहिल्या दिवसापासून.'

"काय, चालतंय का?" परीक्षकांनी विचारलं.

सुदर्शनने घाईघाईने स्क्रीनवर तळहात ठेवला. "आत्ताच चाललं, सर."

टेबलाखाली त्याचा पाय थांबला होता. माझा मात्र हलायला लागला.